न जाणाऱ्यांचा अभ्यास

ज्या वर्षी नातीचा पहिला दात पडला आणि तो घरभर शोधूनही सापडला नाही, त्याच वर्षी चौकशीकाकांवर संशोधन सुरू झालं.

चौकशीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीमागे ते चौतीस वर्षं बसले. काचेला बोटभर रुंदीची सात भोकं होती आणि त्या सात भोकांतून त्यांनी अर्ध्या जगाला वाट दाखवली. डोंगराला कोणती गाडी, तलावाला कोणती, समुद्राला जाताना कुठे बदलायचं, उन्हाळ्यात कोणत्या बाजूला बसलं म्हणजे डोळ्यावर ऊन येत नाही, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र ते कुठेच गेले नव्हते. लोक सुट्टीत जातात, म्हणून सुट्टीतच खिडकीला माणूस लागतो. आणि लोक जात नाहीत तेव्हा जाऊन करायचं काय, असा त्यांचा सरळ विचार. निवृत्त झाल्यावर जाऊ, असं बायकोला सांगून ठेवलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

त्यांची सून विद्यापीठात पर्यटनावर प्रबंध लिहीत होती. फिरायला जायचं तर जावं, त्यावर लिहायचं काय, असं खालचा शिंपी जिन्यात भेटेल तेव्हा विचारी. सुनेलाही तीन वर्षं नीट उत्तर सापडलं नव्हतं. मग तिला नव्या मार्गदर्शक बाई मिळाल्या. उंच, कडक, एका जागी न बसणाऱ्या. बाईंचं म्हणणं असं की पर्यटनाच्या संशोधनाची दिशाच आजवर चुकली. जो तो जाणाऱ्याला गाठतो आणि विचारतो, का आलात, कुठे उतरलात, काय आवडलं. जाणारा दमलेला असतो, पायात बूट चावत असतात, तो काहीही सांगतो. उद्याचं संशोधन न जाणाऱ्याचं. सगळं जग फिरतंय आणि एक माणूस घरी बसलाय, त्याच्या पोटात काय चाललंय हे ज्याला कळेल त्याला पर्यटन कळेल.

ऐकायला सोपं आहे. पण न जाणारा माणूस आणायचा कुठून? सुनेने वर्षभर गाव पालथं घातलं. 'मी कुठे जात नाही हो' म्हणणारे शंभर भेटले, पण खोलात गेलं की प्रत्येकाचं काहीतरी निघायचं. कोणी शाळेच्या सहलीला गेलेला, कोणी मेव्हण्याकडे आठ दिवस राहून आलेला. शेवटी अकरा माणसं पक्की मिळाली आणि बाई म्हणाल्या, बारावा आणा, बारा हा आकडा बरा दिसतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. बारावा माणूस रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पीत होता.

सुनेने विचारलं तेव्हा काकांना आधी अपमान वाटला. कुठे गेला नाहीत म्हणून तुम्ही हवे आहात, हे काही कौतुक नव्हे. पण मग विद्यापीठाचं पत्र आलं. त्यावर शिक्का होता, जावक क्रमांक होता आणि 'आपल्या बहुमोल सहभागाबद्दल' असे शब्द होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना बहुमोल असं कोणी लिहिलं नव्हतं. काकांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि सही केली. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, नमुना म्हणून निवडलंय ना, मग बरोबर माणूस निवडलाय.

अट एकच होती. बारा महिने नेहमीचा परिसर सोडून विरंगुळ्यासाठी कुठे जायचं नाही. नेहमीचा परिसर म्हणजे काय, ते कळावं म्हणून नकाशा जोडला होता. घर मध्यभागी, आणि त्याभोवती तीन किलोमीटरचं लाल वर्तुळ.

साध्या माणसाने तो नकाशा कपाटात टाकला असता. काकांनी तो भिंतीवर लावला. अटीतला 'विरंगुळ्यासाठी' हा शब्द त्यांनी वाचला नाही असं नाही, पण विरंगुळा कशात होईल हे आधी कोण सांगणार? म्हणून त्यांनी तो शब्द सोडून दिला आणि उरलेली अट पाळायला घेतली. सून म्हणाली, बाबा, एवढं कडक नको. त्यावर काकांनी सांगितलं की चौतीस वर्षांत आपण कोणाला अंदाजे वेळ सांगितली नाही.

पहिली अडचण न्हाव्याची आली. लाल रेघ बरोबर न्हाव्याच्या दुकानातून जात होती. काका मोजपट्टी घेऊन गेले आणि कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापासून मोजत आले. निघालं असं, की वाट बघायचा बाक वर्तुळाच्या आत होता आणि खुर्ची बाहेर. न्हाव्याला त्यांनी खुर्ची दोन हात पुढे घ्यायची विनंती केली. खुर्ची जमिनीत बोल्ट मारून बसवलेली होती आणि न्हाव्याचा वडिलांपासूनचा धंदा होता. त्याने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, काका, मी तुमच्या खिडकीशी येऊन कधी म्हटलं का, की गाडी दोन हात पुढे घ्या? गिऱ्हाइकं हसली. शेवटी काकांचे केस बाकावर बसवून कापले गेले. बाकाला मान टेकायला जागा नव्हती, आरसाही लांब. डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा बोटभर कमी झाले आणि ते तसे चार महिने राहिले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण काकांना वाटलं, बाकावर केस कापून घेणं हे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्यांनी अर्ज केला, की सदर न्हाव्याचं दुकान संपूर्णपणे नेहमीच्या परिसरात धरण्यात यावं. विद्यापीठाच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला आणि सांगितलं की परिसर वाढवायचा तर आधी आजवर परिसर सोडला नसल्याचा दाखला लागेल. तो कुठे मिळतो? ते त्याला माहीत नव्हतं. काका प्रभाग कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इथे राहत असल्याचा दाखला मिळतो, काका, इथून गेल्याचा मिळतो, वारल्याचाही मिळतो. कुठेच न गेल्याचा आजवर कोणी मागितला नाही. काका वाट बघत उभे राहिले. खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये हे त्या बाईंनाही माहीत असावं. त्यांनी हयातीचा दाखला करून दिला. म्हणाल्या, यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

तोवर गोष्ट गल्लीभर झाली होती आणि सल्ले येऊ लागले होते. शिंप्याने सांगितलं, वर्तुळाच्या कडेने रोज एक फेरी मारा, म्हणजे हद्द ध्यानात राहील. विमा एजंटाने सांगितलं की असा माणूस म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सोनं, अपघाताचा संभवच नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर काकांना शाळेत नेऊन मुलांना दाखवायचं ठरवलं, पण शाळा वर्तुळाच्या बाहेर निघाली. बहिणीच्या नातवाचं लग्न सव्वातीन किलोमीटरवर लागलं. काका गेले नाहीत. बहिणीने निरोप पाठवला, की पाय मोडला असता तर समजले असते, वर्तुळ मला समजत नाही. काकांनी तो निरोप महिन्याच्या प्रश्नावलीत 'सामाजिक परिणाम' या रकान्यात लिहिला. मार्गदर्शक बाईंना तो फार आवडला.

ती प्रश्नावली दर महिन्याला येई. बेचाळीस प्रश्न. या महिन्यात आपल्याला कुठे जावेसे वाटले काय? किती तीव्रतेने? एक ते पाच. काका खिडकीत बसायचे तसे टेबलाशी ताठ बसत आणि 'नाही' लिहून एकावर खूण करत. एकदा फक्त, समुद्रावरून आलेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरशी बोलून आल्यावर, त्यांनी दोनवर खूण केली होती. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती खूण खोडून बाजूला सही केली. सतरावा प्रश्न असा होता: घरातील अन्य व्यक्तीस कुठे जावेसे वाटते काय? तिथेही काका 'नाही' लिहीत. सात महिने लिहिलं. विचारायचं सुचलं नाही.

दरम्यान दोन गोष्टी झाल्या. न जाणारे एकेक करून जाऊ लागले. एक जण साबणाच्या सोडतीत सहल जिंकला आणि तोंड लपवून निघून गेला. एकाला भाऊ वारल्यामुळे जावं लागलं आणि तिकडचं हवामान मानवलं म्हणून तो राहिला. दोघांनी उगाचच सोडलं. बारांचे आठ झाले. आणि आठच्या खाली आकडा गेला तर अभ्यास ग्राह्य धरता येणार नाही, असं विद्यापीठाच्या नियमात स्पष्ट होतं. सुनेची चार वर्षं त्या आठांच्या घरी बसण्यावर उभी होती. ती सकाळी उठली की आधी सासरे आहेत का बघे.

दुसरी गोष्ट काकांच्या बायकोची. जिना चढताना ती मधे थांबायला लागली होती. डॉक्टरांनी पडद्यावर हलतं हृदय दाखवून सांगितलं की त्याची झडप नीट मिटत नाही. शस्त्रक्रिया प्रकृतीला झेपणार नाही. गोळ्या घ्या, जिना दिवसातून एकदाच, आणि जे करायचं ते फार पुढे ढकलू नका. शेवटचं वाक्य डॉक्टर फाइल बंद करता करता बोलले. काकांनी त्याचा अर्थ गोळ्यांशी लावला. बायकोने तसा लावला नाही.

आठव्या महिन्याची प्रश्नावली आली त्या दिवशी ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाटाणे सोलत बसली होती. काका सोळा संपवून सतरावर आले आणि 'ना' लिहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "सतराव्याला माझं लिहा."

काकांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझं काय?"

"मला समुद्र बघायचाय."

काकांचा हात सवयीने पुढच्या रकान्यावर गेला. "किती तीव्रतेने?"

"कागदावर किती आहे?"

"पाचपर्यंत."

"मग पाच लिहा. आणि कागद तिथे संपला म्हणून पाच, असंही लिहा."

काकांनी पाचवर खूण केली. पुढचं लिहायला जागा नव्हती. ते म्हणाले, आता चारच महिने राहिलेत, मुदत संपली की दुसऱ्या दिवशी निघू, हवं तर आत्ताच तिकिटं काढतो. सुनेचं सगळं यावर आहे. शब्द दिलाय.

तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "चार महिने तुमच्याकडे आहेत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, काकांना उत्तर देता आलं असतं.

दहा दिवसांनी ती धाकट्या बहिणीबरोबर निघाली. बहीण निवृत्त परिचारिका, एकटी राहणारी, नाडी बघता बघता भांडणारी. तिने मेव्हण्याला एवढंच विचारलं की तुमच्या वर्तुळात माणुसकी बसते का बाहेर पडते. काकांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: फलाट चार, सकाळी सहा चाळीस, पुलानंतरच्या स्थानकात बदलणे, पुढच्या बाजूला बसणे, मागे हादरे बसतात, उजवीकडे ऊन. आयुष्यात त्यांच्याकडे देण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्या कागदावर होतं. बायकोने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गोळ्यांची डबी बरोबर घेतली आहे असं सांगितलं. बस स्थानक वर्तुळाच्या आत होतं, पण काका सोडायला गेले नाहीत. त्या दिवशी त्यांना खिडकी बघवली नसती.

पहिला दिवस बरा गेला. काकांनी चहा केला, जास्त झाला. दुसऱ्या दिवशीही बायकोचा कप धरूनच केला. शिंप्याने फोन करा म्हणून सांगितलं, एजंटाने करू नका म्हणून सांगितलं, हेडमास्तरांनी वियोगाने प्रेम वाढतं असं सांगून वर्तमानपत्र मागून नेलं. संध्याकाळी काका नकाशासमोर उभे राहिले. समुद्र त्या नकाशात कुठे नव्हताच. कागद तिकडच्या बाजूला वीतभर अलीकडे संपत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कोरा कागद घेतला आणि सुनेच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. सून आकडे मांडत होती. त्यांनी अर्ज पुढे ठेवला. 'विनंती करण्यात येते की अर्जदाराचे नाव न जाणाऱ्यांमधून वगळण्यात यावे. कारण, अर्जदार जात आहे.'

सुनेने तो वाचला. मग पुन्हा वाचला. तिची पेन्सिल आठ या आकड्यावर होती. काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण अर्जात सगळं आलं होतं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "अर्जावर तारीख नाही घातलीत."

काकांनी उभ्यानेच तारीख घातली. तिने खाली सही केली आणि कागद फाइलमध्ये लावला. मग डोळे पुसून म्हणाली, बाईंना उद्या सांगते. आज सांगितलं तर त्या इथे येतील आणि तुमची गाडी चुकेल. आईंची शाल कपाटात राहिलीय, ती न्या, तिकडे वारा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता काका फलाट चारवर हजर होते. सहा चाळीसला गाडी आली नाही. पन्नासलाही आली नाही. जन्मात पहिल्यांदा ते त्या काचेच्या बाहेरच्या बाजूने खिडकीपाशी गेले आणि वाकून भोकात बोलले. आतल्या मुलीने मान वर न करता सांगितलं की ती गाडी पाच महिन्यांपासून सात दहाला सुटते. काका म्हणाले, सहा चाळीस. मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्हाला कोणीतरी जुनी वेळ सांगितली. आपण कोण हे सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. ते बाकावर येऊन बसले. झडप न मिटणारी बायको तीन दिवसांपूर्वी याच गारठ्यात अर्धा तास बसली होती, आणि ते त्यांच्या सुवाच्य अक्षरामुळे. बसमध्ये ते पुढच्या बाजूला बसले. उजवीकडे ऊन होतं. ते उजवीकडेच बसले.

गावात पोचायला दुपार झाली. उतरायच्या घराची मालकीण म्हणाली, दोघी समोरच आहेत, सकाळपासून उठायला तयार नाहीत. काका रस्ता ओलांडून गेले. मेव्हणी त्यांना बघून उठली आणि चहा सांगायला गेली. तेवढी माणुसकी तिच्यात होती. बायको वाळूवर खुर्ची टाकून बसली होती, पाय उघडे, चपला मांडीवर.

तिने एकदा वळून बघितलं. "आलात? संशोधनाचं काय झालं?"

"पडलं बहुतेक."

"मग बसा." तिने चपला दुसऱ्या बाजूला घेतल्या. "तुम्ही सांगितलेली गाडी अर्धा तास उशिरा सुटली."

"वेळ बदललीय. पाच महिने झाले."

"तुम्हाला विचारून बदलायची होती," ती म्हणाली, आणि हसताना तिला धाप लागली. काकांनी शाल दिली. मग दोघं बसून राहिले. काकांनी चौतीस वर्षं लोकांना समुद्राची वाट सांगितली होती, पण तो एवढा आवाज करतो हे त्यांना कोणी येऊन सांगितलं नव्हतं. ते तसं बायकोला म्हणाले. ती म्हणाली, वाट विचारून गेलेला माणूस कधी सांगायला परत येतो का.

ती दोघं तिथे पाच दिवस राहिली. घराची मालकीण सकाळी नऊला न्याहारी संपल्याचं सांगायची आणि दहाला पुन्हा करून द्यायची. काका एकदा घोट्यापर्यंत पाण्यात गेले आणि पायजमा भिजला म्हणून दिवसभर चादर गुंडाळून बसले. बायकोने ते दृश्य बहिणीला उठवून दाखवलं.

इकडे मार्गदर्शक बाई आठ दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन केला. त्या विचार करत होत्या. सात माणसं घरी बसली, त्यांच्या उत्तरांत सगळीकडे 'नाही' आणि एक. त्यातून काय काढायचं? कळण्यासारखं जे घडलं ते एकाच माणसाने केलं. तेव्हा पर्यटन संशोधनाची पुढची दिशा न जाणारा ही नव्हेच. न जाणारा शेवटी कशाने निघतो, ही खरी दिशा. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली, प्रबंधाचं नाव बदललं, आणि काकांकडे नवी प्रश्नावली आली. आता प्रश्न एकसष्ट.

पहिलाच प्रश्न होता, निघण्याचे कारण. समोर पाच चौकटी: विश्रांती, व्यवसाय, आरोग्य, नातेवाइकांची भेट, इतर. काकांनी पेन हातात घेऊन एकेक चौकट वाचली. मग 'इतर'वर खूण केली. पुढे दोन शब्दांपुरती जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'ती होती.' सून म्हणाली, बाबा, हे तक्त्यात कुठे बसवू? काका म्हणाले, बसत नसेल तर बाहेर राहू दे.

काकांची बायको समुद्रावरून परतल्यावर तेरा आठवड्यांनी, एका गुरुवारी दुपारी घरीच वारली. काकांनी ज्या मुदतीनंतर निघायचं म्हटलं होतं, ती संपायला तेव्हा नऊ दिवस बाकी होते.